कागद करा, घर फोडू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरचा. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. रेशनकार्डाच्या कामासाठी एक किन्नर माझ्याकडे आल्या, त्यांचं काम झालं, मग एकीमागून एक येत गेल्या. आता आम्ही पाच जण आहोत : मी, सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर, एक तरुण वकील आणि कॉलेजची दोन पोरं. कागदपत्रं, दवाखाना, बँक असली कामं करतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही.

गेल्या काही दिवसांत सगळं एकदम अंगावर आलंय. डेऱ्यातली, म्हणजे किन्नर गुरू आणि त्यांच्या शिष्या एकत्र राहतात त्या घरातली, एक वीस वर्षांची, बारावी झालेली चेली रात्री माझ्या घरी आली. तिला पोलीस भरती द्यायचीय, डेरा सोडायचाय. दुसऱ्या दिवशी तिच्या गुरूंचा फोन : 'आप्पा, कागद करी दे, पन मनं घर फोडू नको.' आमची दोन पोरं म्हणतात, गुरूवर तक्रारच ठोकू. दिवाळीत आम्ही साडीवाटप केलं, फोटो फेसबुकवर टाकले, पेपरातही आले. तेव्हापासून काही जणींनी येणंच बंद केलं, कारण सांगत नाहीत. शिवाय पारोळ्याकडचा एक सोळा वर्षांचा मुलगा सिस्टरांना भेटतो. म्हणतो, मी मुलगी आहे, घरी सांगू नका. आणि आमच्या सौ. म्हणतात, 'हे सगळं माझ्या ओट्यावर नको.' काम थांबवावं का? चालू ठेवायचं तर कुणाच्या बाजूनं उभं राहावं?

– आप्पा, अमळनेर

आप्पा,

काम थांबवू नका. आवरा मात्र जरूर. तुम्ही सुरू केलं होतं कागदांचं काम. ते करता करता तुम्ही पालक, पंच आणि रात्रीचा आसरा असं सगळंच होऊन बसलात. कुणी मुद्दाम केलं नाही. दारात माणूस उभं राहिलं की आपल्याकडे आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मग 'काय काम शे?' विचारतात. पण पाणी देणं वेगळं, आणि कुणाच्या आयुष्याचा निवाडा आपल्या ओट्यावर करायला बसणं वेगळं. तुमची मदत अरुंद असावी आणि लांब टिकावी असं मला वाटतं. चाळीस वर्षं फायली हाताळलेला माणूस या लोकांना सहसा मिळत नाही. तो मिळाला आहे तर त्यानं फायलीच हाताळाव्यात.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. कुणाच्याच बाजूचे होऊ नका, असं मी सांगणार नाही. ते म्हणायला सोपं आणि वागायला खोटं. त्या मुलीनं तुमच्याकडे एक काम मागितलंय, त्या कामाच्या बाजूनं ठाम उभे राहा. भरतीचा अर्ज वेळेत, बिनचूक भरला गेला पाहिजे. डेरा सोडायचा का, कधी सोडायचा, गुरूला सांगून की न सांगता, हे ती ठरवेल. वीस वर्षांची आहे, सज्ञान आहे.

आता गुरूंचा फोन. तुमच्या पोरांना तो दम दिल्यासारखा वाटला. मला त्यात दमापेक्षा धास्ती जास्त ऐकू येते. बाहेरून बघणाऱ्याला गुरू म्हणजे चेल्यांच्या कमाईवर बसून खाणारी मालकीण एवढंच दिसतं. काही ठिकाणी ते खरंही असतं, लपवण्यात अर्थ नाही : रोज बाजारात मागून आणलेल्या पैशांतला वाटा, चेला निघून गेला तर जमातीची पंचायत बसवून लावलेला दंड, कधी मारहाणही. पण घरातून हाकलून दिलेल्या पोराला सुरत लाइनच्या गाडीत आपल्या शेजारी बसवून घेणारी, तापात उशाशी बसणारी, आपण मेलो तर मातीला कोण येईल ही भीती घालवणारीही गुरूच असते. आई, घर, म्हातारपणाची तरतूद, सगळं त्या एका नात्यात गुंतलेलं असतं. गुरूच्या बाजूनंही तसंच आहे. तिचं म्हातारपण चेल्यांवर आहे. शिकलेली चेली निघून गेली की तिच्या पोटात गोळा येणारच. ते नातं तुम्ही पाच जण आठवड्यात तोडू शकता. त्याच्या जागी तिला देण्यासारखं तुमच्याजवळ काय आहे, हे तक्रार लिहिण्याआधी त्या पोरांना विचारा.

एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. जळगाव-भुसावळ रेल्वेवरचं भादली बुद्रुक. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तिथं अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला आणि तो छाननीत बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी कोर्टानं त्यांची बाजू मान्य केली, त्या लढल्या आणि निवडून आल्या. त्या खटल्याच्या कागदावर त्यांचं नाव आहे अंजली गुरू संजना जान. म्हणजे आपला हक्क मागायला कोर्टाची पायरी चढतानाही गुरूचं नाव सोबत होतं. तुमच्या वकील मित्राला तो निकाल वाचून पोरांना समजावून सांगायला लावा. कायदाही कळेल आणि हे नातं किती खोल आहे तेही कळेल.

पोलिसांत कधी जायचं? मुलीला कोंडून ठेवलं, मारलं, तिचं आधार, पासबुक, एटीएम कार्ड काढून घेतलं, आणि तिला स्वतःला तक्रार द्यायची असेल, तर एक मिनिटही घालवू नका. ११२ ला फोन करा, वकिलाला सोबत घ्या. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये अशा व्यक्तीला शारीरिक, मानसिक किंवा आर्थिक इजा करणं हा गुन्हा म्हणून धरला आणि त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद ठेवली. छळ करणारा नातेवाईक असो, पोलीस असो की गुरू, तो छळच. पण यातलं काही घडलेलं नसताना, मुलगी 'नको' म्हणत असताना, कुणाच्या तरी उत्साहापायी तक्रार झाली तर तिची किंमत अख्खा डेरा मोजतो. ठाण्यात त्यांची नावं आधीच माहीत असतात. रेल्वेत मागायला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळे पकडायला निमित्त शोधावं लागत नाही. पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जातील, डेऱ्यातल्या बायका मात्र गाडीत चढायला घाबरतील.

आणखी एक गोष्ट तिला शांतपणे विचारा, पण उत्तर तुम्ही सुचवू नका. तिला डेरा सोडायचाय की गुरू सोडायचाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीधंद्यासाठी वेगळं राहून सणावाराला गुरूच्या पाया पडायला येणाऱ्या चेल्या असतात. जमातीत नानी असते, म्हणजे गुरूची गुरू. पंच मंडळी असतात. असल्या वाटा त्यांच्यातल्याच मोठ्या माणसांच्या मध्यस्थीनं निघतात, तुमच्या-माझ्या नाही. तिची परवानगी असेल तर तुम्ही एकदा दिवसाढवळ्या, जमातीतल्या एखाद्या वडीलधारीला सोबत घेऊन गुरूंकडे जा. चहा घ्या. सरळ सांगा की तिचा अर्ज मी भरणार आहे, लपवून काही करणार नाही, आणि तुमच्याही आधारातलं नाव चुकलं असेल तर तेही दुरुस्त करून देतो. गुरूंचं स्वतःचं रेशनकार्ड आहे का, हे तरी कुणी विचारलंय का आजवर? परवानगी नसेल तर जाऊ नका. गुरूंचा पुन्हा फोन आला तर 'तिचं ती बोलेल' एवढंच उत्तर पुरे.

तिनं खरंच बाहेर पडायचं ठरवलं तर पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, खोलीचा असतो. अमळनेरमध्ये एकट्या किन्नराला खोली कोण देतं? इथं तुम्हा पाच जणांची पत उपयोगी पडेल. घरमालकाशी तुम्ही बोला, वकिलांनी रीतसर भाडेकरार करून द्यावा. तो करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणूनही चालतो. पैसे द्यायचे तर पाचही जणांना माहीत असू द्या, वहीत मांडा. कुणी एकानं गुपचूप उसने दिले की दुसऱ्या दिवशी डेऱ्यात दहा तऱ्हेच्या चर्चा सुरू होतात.

साडीवाटपाबद्दल थोडं कडक बोलते, राग मानू नका. मूल झालं, लग्न झालं, की या बधाई घ्यायला येतात. टाळी वाजते, ढोलकी वाजते, लेकराला मांडीवर घेऊन आशीर्वाद देतात, आणि साडी, धान्य, पैसे हक्कानं मागतात. कमी दिलं तर घासाघीस होते, रुसणं होतं, शेवटी हसून निघतात. त्या दारात त्या देणाऱ्याही असतात. तुमच्या हॉलमध्ये त्यांना खुर्च्यांवर रांगेनं बसवलं, नाव पुकारलं, हातात पिशवी दिली आणि पिशवी धरल्या हातांचा फोटो काढला. साडी तीच, पण मान उलटा झाला. मला विचाराल तर वाटपाचे असे कार्यक्रम पुन्हा करूच नका. दिवाळीला बोलवायचंच असेल तर फराळाला घरी बोलवा, आणि वहिनींना आधी विचारून बोलवा.

पण येणं बंद झालं ते बहुधा मानापमानावरून नसावं, फोटोमुळे असावं. डेऱ्यातल्या सगळ्याच जणी घरापासून तुटलेल्या नसतात. कुणी महिन्यातून एकदा शर्ट-पँट घालून गावी जाते, आईच्या हातात पैसे ठेवते, बहिणीच्या सासरी 'भाऊ सुरतला कामाला आहे' असं सांगितलेलं असतं. पेपरातला एक फोटो, खाली नाव आणि गाव, की ते सगळं कोसळलं. धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडू शकतं. त्या तुम्हाला कारण सांगत नाहीत, कारण सांगायचं तर घरचं सगळंच सांगावं लागेल.

आजच फेसबुकवरून ते फोटो काढा. ज्यांनी शेअर केले त्यांनाही काढायला सांगा. पेपरातला परत घेता येणार नाही, पण त्यांच्या संकेतस्थळावर असेल तर बातमीदाराला भेटून काढून टाकण्याची विनंती करा. मग ज्या येत नाहीत त्यांच्याकडे सिस्टरांच्या हाती निरोप धाडा : फोटो काढलेत, यापुढे निघणार नाहीत. त्यापलीकडे समजूत घालू नका. यायचं तेव्हा येतील. तुमच्या वहीतली नावं, नंबर, आजारांच्या नोंदीही कुलपात ठेवा. सिस्टरांना हे सांगायला नको, तरी पोरांसाठी लिहिते : कुणाला एचआयव्ही आहे, कोण एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात, गोळ्या घ्यायला जातं, ही माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई केलेली आहे. 'आमच्या त्या अमुक तमुकला औषधं मिळवून दिली' हे कॉलेजच्या कट्ट्यावर कौतुकानं सांगणंही त्यातच आलं.

दवाखान्याचं तुम्ही एका शब्दात उरकलंत, पण सिस्टरांचं खरं काम तिथंच आहे. केसपेपरच्या खिडकीवर आधारवरचं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं जातं आणि अख्खी रांग वळून बघते. तिथूनच बऱ्याच जणी माघारी फिरतात आणि तापाची गोळी मेडिकलवरून घेतात. दाखल व्हायची वेळ आली तर बायकांचा वॉर्ड की पुरुषांचा, यावर तासभर जातो. सिस्टरांनी त्या खिडकीवरच्या माणसाशी आणि वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरशी आधीच बोलून ठेवलं तर निम्मं काम होतं. कुणी मेडिकलमधून बायकांच्या संततिनियमनाच्या गोळ्या हार्मोन म्हणून स्वतःच्या मनानं घेत असेल, किंवा कुणा भोंदूकडून शस्त्रक्रिया करून घ्यायच्या विचारात असेल, तर तेही सिस्टरांनाच कळेल. 'ऑपरेशन झालंय का?' हा प्रश्न मात्र उपचारांशी संबंध असल्याशिवाय कुणीही विचारायचा नाही, पोरांनी तर नाहीच.

आता तुमचं राज्य, कागद. इथं मी तुम्हाला काय शिकवणार? तरीही या फायलींच्या काही खास खोडी आहेत. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपलं लिंग कोणतं ते स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ चा कायदा आला, २०२० चे नियम आले, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळण्याची सोय झाली. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. या क्षेत्रातले नियम वाद आणि दुरुस्त्यांतून जात आहेत. म्हणून गेल्या वर्षीची झेरॉक्स काढून नवा अर्ज भरू नका. प्रत्येक अर्जाआधी समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आजचा नमुना विचारून घ्या. प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक डेऱ्यातल्या भिंतीवरही लिहून ठेवा, तुम्ही नसताना उपयोगी पडेल.

अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, राहण्याचा पुरावा. २०२० च्या नियमांनी अर्जदार सलग बारा महिने ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्याच जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज ठेवला. आज नंदुरबार, उद्या उधना, मग नाशिक अशी फिरती असलेल्या माणसाचे बारा महिने कागदावर दाखवणं हे तुमच्यासारख्याच्या हातचं काम. दुसरं, मोबाइल. आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा जुना असतो, हरवलेला असतो, नाहीतर गुरूचा असतो, आणि ओटीपी तिकडे जातो. तर पोर्टल उघडण्याआधी नंबर बदला. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आधारवर नाव साधारणपणे दोनदाच आणि लिंगाची नोंद एकदाच बदलता येते. म्हणून घाई नको. कुठलं नाव, त्याचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग काय, वडिलांचं नाव ठेवायचं की गुरूचं, हे तिनं चार दिवस विचार करून कागदावर स्वतःच्या हातानं लिहून द्यावं. तेच पुढे प्रतिज्ञापत्रात, राजपत्रात, पॅनवर, बँकेत, मतदार यादीत उतरवा. एका अक्षराचा फरक पडला की फाईल परत येते, हे तुम्हीच किती जणांना सुनावलं असेल!

आरोग्य विम्याचं विचारतील. आयुष्मान भारत टीजी प्लस योजना २०२२ साली जाहीर झाली, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांसाठी. आपल्या भागात ती कुठल्या रुग्णालयात प्रत्यक्ष मिळते ते विचारल्याशिवाय कुणाला आशा लावू नका.

पारोळ्याच्या लेकराचं काय करायचं, यात मात्र मला दोन मतं दिसत नाहीत. सोळा वर्षांचं आहे. सिस्टरांनी भेटत राहावं, ऐकावं, 'तुझ्यात काही बिघाड नाही' हे स्पष्ट सांगावं. घरी सांगू नये, ती त्याची गोष्ट आहे. पण तुमच्यापैकी कुणीही त्याला रात्री घरात ठेवायचं नाही, गावाहून आणायचं-न्यायचं नाही, आणि डेऱ्याचा पत्ता तर अजिबात द्यायचा नाही. पळवून नेल्याची एक फिर्याद झाली की तुम्ही तर अडकालच, शिवाय 'हे पोरं पळवतात' हा डेऱ्यावरचा जुना आळ पुन्हा ताजा होईल. घरी मारहाण होत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं ते बोलत असेल, तर गुप्ततेपेक्षा जीव मोठा : १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, तिच्यामार्फत बालकल्याण समिती. मनावरचा ताण बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक, मराठीत बोलता येतं. कुणी 'सुधारून देतो' म्हणणारा बाबा किंवा डॉक्टर सुचवला तर सिस्टरांनी साफ नकार द्यावा. असल्या 'उपचारा'ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. एरवी त्याला दहावी-बारावी पार पाडायला मदत करा. डेऱ्यात जाण्याखेरीज दुसरी वाटच नाही अशी वेळ येते ती बहुतेक शाळा सुटल्यानं.

वहिनी बरोबर बोलतात. घर दोघांचं आहे आणि दार तुम्ही एकट्यानं उघडलंत. रात्री कुणी आलं की चहा कोण टाकतं, शेजारणीच्या प्रश्नांना तोंड कोण देतं, हे तुमच्या पत्रात कुठं नाही, पण मला दिसतंय. आठवड्यातला एक दिवस, ठरलेली वेळ, आणि घराबाहेरची जागा शोधा. वाचनालयाचा कोपरा, वकिलांच्या ऑफिसची मागची खोली, काहीही. घराचा नंबर बंद, एक वेगळा फोन, रात्री आठनंतर तो फक्त तातडीसाठी आणि पाळीपाळीनं प्रत्येकाकडे. यात वहिनींची सोय आहेच, पण आणखी एक फायदा आहे. तुमच्या ओट्यावर फक्त डेऱ्यातल्या बायका येतात. मुलगी म्हणून वाढलेले पण स्वतःला पुरुष मानणारे, गावात आई-बापाजवळ गप्प राहणारे, ज्यांचा कुठल्याच डेऱ्याशी संबंध नाही असे लोकही याच तालुक्यात आहेत. किन्नरांच्या घोळक्यातून वाट काढत ते तुमच्या घरी यायचे नाहीत. वाचनालयात पुस्तक बदलायला आल्यासारखे येऊ शकतील.

आणि त्या टेबलामागे तुमच्या शेजारी त्यांच्यातलीच एक जण बसवा. मानधन देऊन. एड्स नियंत्रणाच्या कामात हे फार आधी उमगलं, म्हणून तिथं समाजातल्याच व्यक्तींना पीअर एज्युकेटर म्हणून नेमतात. कुणाचं खरं, कुणाचं अर्धं, कुणाला आज बोलायचं नाहीये, हे तिला कळतं, तुम्हाला नाही. वाटपाचे पैसे वाचलेच आहेत, त्यातून वर्षभराचं मानधन निघेल.

राहिली भरती. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय ठेवा आणि शारीरिक चाचणीचे नियम करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारला सांगितलं. त्यामुळे वाट आहे, पण तिच्यासाठी ढील दिली जाईल असं समजू नका. धावणं, गोळाफेक, लेखी परीक्षा, सगळं आहे. पहाटे मैदानावर भरतीची पोरं पळत असतात. तिथं ती एकटी गेली तर पहिल्याच दिवशी टिंगल होईल आणि दुसऱ्या दिवशी ती जाणार नाही. तुमच्या त्या दोन तक्रारबहाद्दर पोरांना हे काम द्या. पहाटे पाचला मैदानावर हजर राहायचं, तिच्या बरोबर पळायचं, वेळ घड्याळात बघून वहीत लिहायची. गरम डोकं आणि तरणे पाय, दोन्ही तिथं कामाला येतील. महिनाभर टिकले तर मग त्यांचं मत विचारू, तोवर नाही.

तुम्ही तोवर तिच्या गुणपत्रिकेचं बघा. बारावीची मूळ प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल, सगळं जुन्या नावावर असणार. ते डेऱ्यात आहे, गावी आहे की कॉलेजातच अडकलंय, हे तिला आधी विचारा. गावी असेल तर आणायला ती स्वतः जाऊ शकते का, तेही विचारा. नसेल तर कुणाला पाठवायचं ते तिच्याकडूनच नाव घ्या, आणि बाप दारात भेटला तर काय सांगायचं हेही तिच्याकडूनच ठरवून घ्या.

– तुमची ताई